शब्दांनी जग बदलतं का? आणि बदललंच तर कुठलं?

24 ऑगस्ट 2006 रोजी प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मतदान घेतलं. सभागृहातल्या चारशेच्या आसपास जणांनी पिवळी कार्डं उंचावली आणि ‘ग्रह’ या शब्दाची व्याख्या ठरली. सूर्याभोवती फिरायचं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोलाकार व्हायचं आणि आपल्या कक्षेच्या आसपासचा भाग मोकळा करून घ्यायचा, अशा तीन अटी. तिसऱ्या अटीत प्लूटो नापास झाला. 1930 साली सापडल्यापासून ग्रह म्हणून मिरवणारा हा गोळा त्या दुपारी बटुग्रह झाला.

प्लूटोला याचा पत्ताही नव्हता. सूर्याभोवतीची त्याची 248 वर्षांची फेरी तशीच चालू राहिली, वस्तुमान रतीभरही घटलं नाही. पण पाठ्यपुस्तकं बदलली, नवाचे आठ झाले आणि कितीतरी लोक चक्क हळहळले. मग त्या दिवशी बदललं काय? वास्तव बदललं, आपल्या मनातलं चित्र बदललं, की नुसता एका शब्दाचा वापर बदलला?

भाषा, मन आणि वास्तव यांच्या नात्याबद्दल तत्त्वज्ञ दोन-अडीच हजार वर्षं जे भांडत आले आहेत, ते सगळं या एका घटनेत सापडतं. या विषयावर हल्ली एक वाक्य फार सहज फेकलं जातं: ‘भाषाच वास्तव घडवते.’ ऐकायला भारी वाटतं. माझी अडचण अशी की या वाक्यात तीन निरनिराळ्या प्रश्नांची गल्लत झालेली आहे. भाषेमुळे आपल्या विचारात फरक पडतो का, हा एक प्रश्न. शब्दाला अर्थ मिळतो तो आपल्या डोक्यातून की बाहेरच्या जगातून, हा दुसरा. आणि जगातल्या कुठल्या गोष्टी शब्दांवाचून अस्तित्वातच येऊ शकत नाहीत, हा तिसरा. तिघांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच ते वाक्य पूर्ण खरंही नाही आणि पूर्ण खोटंही नाही.

नाव, वस्तू आणि मधलं काहीतरी

सर्वांत साधी समजूत अशी की जगात वस्तू आधीपासून आहेत आणि भाषा त्यांना फक्त नावं देते. या समजुतीवर पहिलं भांडण झालं ते नावं आली कुठून यावर. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थाची चर्चा करणारे, म्हणत, शब्द आणि अर्थ यांचा संबंध मुळातलाच आहे, तो कोणी जोडलेला नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तार्किक, म्हणत, तो संकेत आहे, ठरवलेला. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात अगदी याच दोन बाजू समोरासमोर येतात. आजचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ संकेताच्या बाजूने आहेत. ध्वनी आणि अर्थ यांची गाठ यादृच्छिक असते हा स्विस भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूरचा मुद्दा, त्याच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून संपादित करून 1916 साली काढलेल्या व्याख्यानांमधून आलेला, आता जवळपास गृहीत धरला जातो. त्यामुळे इथे फार रेंगाळायचं कारण नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. 1892 साली गॉटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने ती नेमकी दाखवली. पहाटे दिसणारा तेजस्वी तारा आणि संध्याकाळी दिसणारा तेजस्वी तारा हे दोन्ही म्हणजे शुक्रच. नावाचा अर्थ म्हणजे ती वस्तू, एवढंच असतं तर ‘पहाटेचा तारा हाच संध्याकाळचा तारा’ हे वाक्य ‘शुक्र म्हणजे शुक्र’ या वाक्याइतकंच पोकळ ठरायला हवं. पण ते पोकळ नाही, तो शोध होता. आकाशाकडे बरीच वर्षं पाहिल्याशिवाय तो लागला नसता. म्हणजे नाव आणि वस्तू यांच्यामध्ये आणखी काहीतरी आहे: ती वस्तू आपल्यापुढे ज्या रीतीने येते ती रीत. वस्तू एक असेल, पण तिच्याकडे जाणाऱ्या वाटा अनेक.

दोन टोकं पुरत नाहीत, तिसरं लागतं, हे एकदा मान्य केलं की प्रश्न येतो तो मनाचा. इथे आपल्याकडचा वाद फार धारदार आहे. साधारण पाचव्या शतकातल्या भर्तृहरी या वैयाकरणाने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात लिहून ठेवलं: ‘न सोऽस्ति प्रत्ययो लोके यः शब्दानुगमादृते’. ज्याच्यामागे शब्द नाही असं ज्ञान या जगात नाही. त्याच्या मते सगळं ज्ञान जणू शब्दाने विणलेलंच प्रकटतं. बौद्ध तार्किक दिङ्नाग बरोबर उलट्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्याचं म्हणणं, प्रत्यक्ष म्हणजे कल्पनेचा स्पर्शही न झालेलं ज्ञान. डोळ्यांना दिसतो तो या क्षणीचा हा एकमेव तुकडा; ‘गाय’, ‘पांढरी’, ‘चालते आहे’ हे सगळं मन नंतर चढवतं. नैयायिकांनी मध्यममार्ग काढला: आधी निर्विकल्पक, म्हणजे काहीतरी आहे एवढंच भान, मग सविकल्पक, म्हणजे हे अमुक आहे असं ज्ञान.

जाता जाता ज्ञानेश्वरांची एक गंमत. ‘अमृतानुभवा’त शब्दखंडनाचं स्वतंत्र प्रकरण आहे, पण त्याची सुरुवात शब्दाच्या स्तुतीने होते. शब्द किती उपयोगी, विसरलेल्याची आठवण करून देणारा, अमूर्ताचा जणू आरसा. एवढं कौतुक करून मग ते त्याची मर्यादा दाखवतात: जे स्वतःच्याच उजेडाने उजळलेलं आहे, तिथे शब्दाने नवं काय दाखवायचं? शब्दाला आधी पुरता मान द्यायचा आणि मगच त्याला अडवायचं, ही रीत या विषयावर लिहिणाऱ्या फार थोड्या लोकांना साधली आहे.

चष्मा की हत्यार?

विसाव्या शतकात भर्तृहरीच्या टोकाचा एक नवा वारसदार निघाला, तोही अनपेक्षित ठिकाणाहून. बेंजामिन ली वॉर्फ हा अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात आगीच्या विम्याच्या कंपनीत तपासनीस होता. भाषाशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा ध्यास. आगी का लागतात याचे अहवाल चाळताना त्याच्या लक्षात आलं की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात, पण पिंपं ‘रिकामी’ आहेत म्हटलं की बिनधास्त सिगारेट ओढतात. प्रत्यक्षात रिकाम्या पिंपात स्फोटक वाफ कोंडलेली असते, म्हणजे धोका तिथेच जास्त. वॉर्फचा निष्कर्ष असा की लोक वस्तुस्थितीला नाही, तिच्या नावाला प्रतिसाद देत होते.

निरीक्षण झकास होतं. पुढची उडी मात्र फार लांबची ठरली. अमेरिकेतल्या होपी लोकांच्या भाषेत काळ दाखवणारे शब्द वा रूपंच नाहीत, म्हणून त्यांची काळाची कल्पनाच आपल्याहून निराळी आहे, असं त्याने मांडलं. 1983 साली एकेहार्ट मालोत्की या अभ्यासकाने होपी भाषेतल्या काळविषयक शब्दांचा आणि रचनांचा सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ काढला आणि हा दावा निकालात निघाला. एस्किमोंकडे बर्फासाठी शेकडो शब्द असतात, ही लाडकी गोष्टही अशीच फुगवलेली. त्या भाषांमध्ये एका मूळ शब्दाला प्रत्ययांवर प्रत्यय लावत जवळजवळ अख्खं वाक्य एका शब्दात मावतं. त्यामुळे तिथे ‘किती शब्द’ हा हिशोबच निरर्थक होतो.

लोकांच्या मनात यातून जे चित्र रुजलं ते चष्म्याचं: प्रत्येक भाषा म्हणजे न काढता येणारा रंगीत चष्मा, आणि आपण जन्मभर त्यातूनच बघतो. गेल्या काही दशकांत जे प्रयोग झाले ते वाचल्यावर मला हे चित्र चुकीचं वाटतं. भाषेचा परिणाम नाही असं नव्हे. परिणाम आहे, पण त्याची जात वेगळी आहे.

रशियन भाषेचं उदाहरण घेऊ. तिच्यात सगळ्या निळ्या छटांना कवेत घेणारा एक शब्द नाही. गडद निळा तो ‘सीनी’, फिका तो ‘गलुबोय’, आणि हे दोन स्वतंत्र रंग मानले जातात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रशियन आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना पडद्यावर निळे चौकोन दाखवले: वर एक, खाली दोन. खालच्यातला कोणता वरच्याशी तंतोतंत जुळतो, ते झटकन सांगायचं. खालचे दोन चौकोन ‘सीनी’ आणि ‘गलुबोय’च्या सीमेच्या दोन बाजूंना असले, की रशियन लोक थोडे वेगाने उत्तर देत. इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये असा फरक नव्हता. इथवर चष्म्याला पुष्टी मिळाल्यासारखं वाटतं. पण याच प्रयोगात सहभागी लोकांना रंग बघताना मनातल्या मनात आकड्यांची माळ घोकायला लावली, म्हणजे भाषेचं यंत्र दुसऱ्याच कामात अडकवून टाकलं, तेव्हा रशियनांचा तो जास्तीचा वेग नाहीसा झाला. आकड्यांऐवजी जागेसंबंधीची एखादी आकृती लक्षात ठेवायला दिली तर मात्र टिकला.

हा तपशील मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चष्मा असता तर आकडे घोकल्याने उतरला नसता. शब्द त्यांची नजर रंगवून बसलेले नव्हते. ते त्या क्षणी, ते काम करताना, मदतीला धावत होते.

दुसरं उदाहरण संख्येचं. ब्राझीलच्या अॅमेझॉन खोऱ्यातल्या पिराहा लोकांच्या भाषेत नेमकी संख्या सांगणारे शब्द नाहीत. ‘थोडे’, ‘जरा जास्त’, ‘पुष्कळ’ अशा अंदाजी शब्दांवर त्यांचं भागतं. ‘एक’ या अर्थाचा मानला गेलेला शब्दही ते एकाहून अधिक वस्तूंसाठी वापरतात, असं 2008 सालच्या अभ्यासात दिसलं. त्याच अभ्यासात त्यांच्यासमोर दोऱ्याची रिळं मांडली आणि तितकेच फुगे मांडायला सांगितले. रिळं समोर दिसत होती तोवर त्यांनी एकास एक जोडत अचूक मांडणी केली. रिळं झाकली, म्हणजे संख्या लक्षात ठेवायची वेळ आली, की गडबड सुरू झाली. ‘नेमकं तितकंच’ ही कल्पना त्यांना कळत होती. ती क्षणभर धरून ठेवण्याचं साधन हाताशी नव्हतं. मग त्याच संशोधकांपैकी काहींनी इंग्रजी बोलणाऱ्यांना भाषिक कामात गुंतवून ठेवत अशाच चाचण्या दिल्या, तर आकडे पाठ असलेली ती माणसंही अंदाजावर आली.

यावर कोणी म्हणेल, पिराहांच्या जगण्यात मोजायची गरजच पडत नसेल, मग दोष भाषेला कशाला? शंका रास्त आहे. तिला बऱ्याच अंशी उत्तर मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशातून मिळालं. तिथे जन्मतः बहिरे आणि कुठलीच प्रस्थापित भाषा न मिळालेले काही प्रौढ आहेत. घरच्यांशी ते स्वतः घडवलेल्या खाणाखुणांनी बोलतात. पैसे हाताळतात, कामधंदा करतात, आजूबाजूचा समाज दिवसभर मोजत असतो. तरीही तीनच्या पुढची नेमकी संख्या त्यांना खात्रीने सांगता येत नाही, असं 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. संख्यांनी भरलेल्या समाजात राहणं पुरत नाही. एक, दोन, तीन, चार ही शब्दांची ओळ शिकावी लागते.

दिशांचं प्रकरण थोडं वादग्रस्त आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाकडची गुगू यिमिथिर ही भाषा बोलणारे ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ असं न म्हणता उत्तर-दक्षिण-पूर्व-पश्चिम वापरतात, अगदी अंगाजवळच्या वस्तूंसाठीसुद्धा. तिथल्या एका वृद्धाने होडी उलटल्याची आपली गोष्ट दोन वर्षांच्या अंतराने दोन संशोधकांना सांगितली. दोन्ही वेळा तो वेगळ्या दिशेला तोंड करून बसला होता, पण होडी कशी उलटली हे दाखवणारे हात दोन्ही वेळा खऱ्या दिशांनुसारच फिरले. भाषेमुळे मनात सतत होकायंत्र चालू राहतं, असं काहींचं म्हणणं. तर काही संशोधकांनी दाखवलं की आजूबाजूला ठळक खूण ठेवली की इंग्रजी बोलणारेही जागेचा विचार वेगळ्या रीतीने करू लागतात. म्हणजे भाषा आणि परिसर यांत कोण कोणाला घडवतं, हे इतकं सरळ नाही. मला दुसऱ्या गटाची शंका योग्य वाटते, जरी त्या वृद्धाच्या हातांची हकीकत डोक्यातून जात नाही.

शब्दांशिवाय विचार

भर्तृहरीच्या वाक्याला सरळ आव्हान मिळतं ते मेंदूच्या आजारांतून. पक्षाघातासारख्या कारणाने मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन काहींची भाषा जवळजवळ संपूर्ण जाते. 2005 साली अशा तीन रुग्णांचा अभ्यास झाला. कोणी कोणाला मारलं हे वाक्यरचनेवरून त्यांना कळत नव्हतं. कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल केली तरी फरक समजत नव्हता. आणि तेच लोक मोठ्या संख्येतून लहान आणि लहानातून मोठी यांतला वजाबाकीचा फरक नीट जाणत होते, कंसांची गणितं सोडवत होते. गणिताचं व्याकरण शाबूत, भाषेचं कोसळलेलं. मेंदूची चित्रं घेणाऱ्या अभ्यासांतही भाषेचं जाळं आणि तर्काचं जाळं बरंच वेगवेगळं दिसतं. बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळांबद्दलही 1992 सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे: पडद्याआड एक बाहुली असताना त्यांच्यादेखत दुसरी आत ठेवली आणि पडदा दूर केल्यावर एकच निघाली, तर पाच महिन्यांची बाळं जास्त वेळ टक लावून पाहतात. काहीतरी चुकलं आहे हे त्यांना शब्दांवाचून जाणवतं.

म्हणजे विचार करण्यासाठी भाषा अपरिहार्य नाही. पण इथे थांबलो तर निम्मीच गोष्ट हाती लागते. पुन्हा निकाराग्वाकडे जाऊ. 1970च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वा शहरात बहिऱ्या मुलांसाठी शाळा सुरू झाली आणि तिथे एकत्र आलेल्या मुलांनी, कोणीही न शिकवता, एक नवी खुणांची भाषा घडवायला सुरुवात केली. पहिल्या तुकडीची भाषा ओबडधोबड होती. पुढच्या मुलांनी ती समृद्ध केली. संशोधकांनी या दोन पिढ्यांना चित्रांतून एक कोडं घातलं. एखाद्याच्या पाठीमागे वस्तूची जागा बदलली, तर तो परत आल्यावर ती कुठे शोधेल? दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते, हे ओळखता येतं का याची ही चाचणी. तरुण पिढी सहज उत्तीर्ण झाली. वयाने मोठी, संसार केलेली पहिली पिढी मात्र अडखळली. त्यांच्या बोलण्यात ‘वाटणं’, ‘माहीत असणं’ अशा क्रियांच्या खुणाही कमी होत्या. दोनेक वर्षांनी, तरुणांशी संपर्क वाढून त्या खुणा अंगवळणी पडल्यावर, तीच माणसं चाचणीत पुष्कळ सुधारली.

दुसऱ्याचं मन वाचण्याची क्षमता भाषेतून उगवते असं याचं तात्पर्य काढायची घाई नको. भाषा गेलेले रुग्ण अशी कोडी सोडवू शकतात, हेही दिसलं आहे. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले तर अर्थ लागतो: क्षमता घडताना भाषा लागते, घडून गेल्यावर ती भाषेवाचून चालू शकते. भर्तृहरी आणि दिङ्नाग यांच्या दोन टोकांमध्ये ही शक्यता बसत नाही.

अर्थ डोक्यात मावत नाही

आता दुसरा प्रश्न. इथे 1975 साली अमेरिकन तत्त्वज्ञ हिलरी पटनम याने एक कल्पनाप्रयोग मांडला आणि तेव्हापासून या विषयाचा नकाशाच बदलला. समजा, विश्वात दूर कुठेतरी पृथ्वीची हुबेहूब प्रत आहे. तिथेही नद्या आहेत, पाऊस पडतो, लोक तहान लागली की तसाच नितळ द्रव पितात आणि त्याला ‘पाणी’च म्हणतात. फक्त तो द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा बनलेला नाही. त्याचं रासायनिक सूत्र काही वेगळंच आहे. आता 1750 साली जा, रसायनशास्त्राला याचा पत्ता लागण्यापूर्वी. इथला माणूस आणि त्याची तिथली प्रत, दोघांच्या डोक्यात ‘पाणी’ या शब्दाशी जोडलेलं सगळं काही एकसारखं आहे: रंग, चव, तहान, पाऊस. तरी दोघांचे शब्द वेगवेगळ्या पदार्थांकडे बोट दाखवतात. मग अर्थ डोक्यात कसा असेल?

विज्ञानकथेसारखा वाटतो म्हणून हा प्रयोग झटकून टाकू नये. इतिहासातलं उदाहरण आहेच. लोहमाक्षिक हे खनिज सोन्यासारखं चमकतं आणि त्याने शतकानुशतकं लोकांना फसवलं. पाचशे वर्षांपूर्वी कोणी त्याचा तुकडा हातात घेऊन ‘हे सोनं’ म्हणाला असेल, तर तो चुकला होता. सोनं म्हणजे 79 अणुक्रमांकाचं मूलद्रव्य, हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही तो चुकलाच होता, कारण ‘सोनं’ हा शब्द त्याच्या डोक्यातल्या पिवळ्याधमक चित्रापाशी थांबत नव्हता, खाली धातूपर्यंत पोचत होता. भाषा वास्तव घडवते म्हणणाऱ्यांनी या ठिकाणी थबकावं असं मला वाटतं. इथे वास्तव भाषेच्या अर्थावर ताबा ठेवून आहे, आणि बोलणाऱ्यांना त्याची कल्पनाही नाही.

शब्दांच्याच अफाट साठ्यावर शिकलेल्या आजच्या संगणकांबद्दल जो प्रश्न विचारला जातो, त्यांना ‘पाणी’ म्हणजे काय हे कळतं का, त्याचीही एक बाजू इथे उघड होते. कधीही ओलं न झालेल्या यंत्राचा शब्द पाण्यापर्यंत पोचतो कसा? की आपल्या सगळ्यांच्या वापरातून तो आयताच पोचतो? मला हा वाद अजून खुला वाटतो.

पटनमलाही सगळीकडे जय मिळत नाही. जेड हे हिरवट रत्न घ्या. 1863 साली अलेक्सी दामूर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने दाखवलं की जेड या एका नावाखाली दोन पूर्णपणे वेगळी खनिजं नांदत होती. आता कुठलं ‘खरं’ जेड? निसर्गाने निकाल दिला नाही. लोकांनी दोघांनाही ते नाव राहू दिलं. कधी जग शब्दाला आपल्या रेषेवर आणतं, कधी रेषा आखायचं काम आपल्यावर सोडतं.

जगात मुळातच रेषा आहेत का, यावर तर दिङ्नागाच्या परंपरेने कमालीचं सूक्ष्म काम केलं. ‘गोत्व’ नावाची सगळ्या गायींत वसणारी जाती खरोखर आहे, असं नैयायिक मानत. दिङ्नाग म्हणाला, तसलं काही नाही. ‘गाय’ म्हणजे फक्त ‘गाय नसलेल्या सगळ्यापासून वेगळं’. यालाच अपोह म्हणतात. पुढे मीमांसक कुमारिल भट्टांनी नेमकं पकडलं: गाय नसलेलं काय हे कळायला आधी गाय कळायला नको का? दिङ्नागाच्याच परंपरेतल्या, सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने दिलेलं उत्तर मला आजही ताजं वाटतं. त्याचं उदाहरण ताप उतरवणाऱ्या वनस्पतींचं. त्या दिसायला, वाढायला एकमेकींपासून निराळ्या असतात, त्यांच्यात कुठलंही समान तत्त्व शोधायची गरज नाही. पण परिणाम सारखा असतो, आणि आपल्याला ताप उतरवायचा असतो, म्हणून आपण त्यांना एका नावाखाली आणतो. गट पाडण्यामागे आपला हेतू आहे. ताप उतरणं मात्र आपल्या मर्जीवर नाही.

प्लूटोचा गुंताही इथेच सुटतो. ‘ग्रह’ म्हणजे काय हे माणसांनी कामाच्या सोयीसाठी ठरवलं. प्लूटोने आपली कक्षा मोकळी केली आहे की नाही, हे मात्र मतदानाला टाकता आलं नसतं. एव्हरेस्टची उंची 8,848.86 मीटर. मीटर ही आपली निवड. ती एकदा केली, की पुढचे आकडे पर्वत सांगतो.

शब्दांवर उभ्या असलेल्या गोष्टी

तिसऱ्या प्रश्नाला वेगळंच उत्तर आहे. पर्वत शब्दांवाचून उभा राहतो. दोन देशांमधली सीमा राहत नाही. चलनी नोट ही कागद म्हणून कोणाच्याही मान्यतेशिवाय असते, पैसा म्हणून नसते. लग्न, कर्ज, नागरिकत्व, शिक्षा, मालकी, सगळ्यांचं असंच. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिनने 1955च्या आपल्या व्याख्यानांत दाखवलं की काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, जगात काम करतात. न्यायाधीशाने उच्चारलेलं ‘दोषी’ हे निरीक्षण नाही. ते उच्चारल्याने एका माणसाचं कायद्यातलं स्थान बदलतं. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्लने 1995 साली याचा सांगाडा मांडला: विशिष्ट संदर्भात अमुक गोष्ट तमुक म्हणून धरली जाते, आणि सर्वांनी तसं धरणं हाच तिचा पाया.

या गोष्टी ‘नुसत्या मानलेल्या’ आहेत म्हणून त्या कमी खऱ्या आहेत, असं कोणी म्हणू लागलं की समजावं, त्याने अजून कर्ज घेतलेलं नाही. त्या पक्क्या असतात. फक्त त्यांचा पक्केपणा अणूंमधून येत नाही, एकमेकांना दिलेल्या शब्दातून येतो. ‘भाषा वास्तव घडवते’ हे वाक्य अक्षरशः खरं ठरतं ते या भागात. तो भाग छोटा नाही. आपला बहुतेक दिवस त्यातच जातो.

सगळ्यांत अवघड जागा मात्र या दोन प्रदेशांच्या मध्ये आहे. कॅनडाचा तत्त्वज्ञ इयन हॅकिंग याने तिच्यावर बोट ठेवलं. इलेक्ट्रॉनला काहीही नाव दिलं तरी तो नाव ऐकून वागणूक बदलत नाही. माणूस बदलतो. एखाद्याला एक वर्ग चिकटवला की तो स्वतःकडे त्या नजरेने पाहू लागतो, तसा वागतो किंवा हट्टाने तसा वागत नाही. मग तो वर्गच बदलतो आणि तज्ज्ञांना व्याख्या पुन्हा लिहावी लागते. नाव आणि नाव मिळालेला यांच्यात असं चक्र फिरत राहतं. 1973 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून काढलं. हा बदल होण्यामागे संशोधन होतं, आणि ते नाव नाकारून संघटित झालेली माणसंही होती. हा दबाव कुठलंही खनिज आणू शकत नाही.

2013 साली त्याच संघटनेच्या नियमावलीतून ‘अॅस्पर्गर’ हे निदान वेगळं म्हणून राहिलं नाही. ते स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) विस्तृत पट्ट्यात सामावून घेतलं गेलं. एव्हाना कितीतरी लोक त्या नावाने स्वतःला ओळखू लागले होते, त्या नावाभोवती त्यांचे गट जमले होते. नियमावली बदलली तरी त्यांच्यातल्या अनेकांनी नाव सोडलं नाही. या माणसांच्या मेंदूंच्या घडणीत काही विशेष आहे, आणि ते सोन्याच्या अणुक्रमांकासारखं आपल्या म्हणण्यावर अवलंबून नाही. पण कुठवर एक निदान आणि कुठून दुसरं, कोणाला शाळेत मदत मिळेल, कोण स्वतःबद्दल कुठली गोष्ट सांगेल, हे नोटेवरच्या किमतीसारखं मान्यतेवर चालतं. यातला कुठला धागा कशाचा, हे वेगळं करायचं काम अजून चालू आहे, आणि ज्यांच्याबद्दल ते चाललं आहे ती माणसंही आता त्या चर्चेत बोलतात.